चौदा खुर्च्या, बारा नावं

१

असं समज, की तू एका खोलीत बसून आहेस. खोली वरच्या मजल्यावर. आठ पावलं लांब, सहा पावलं रुंद. पण ही पावलं तुझी नाहीत, आईची. तुला चालता येत नाही. खिडकीला गज आहेत. गजांमधून समोरच्या यंत्रमागाच्या शेडचा पत्रा दिसतो, एक काळी पाण्याची टाकी दिसते आणि टाकीवर बसणारं एक कबूतर. मे महिना आहे, सोलापूर आहे, दुपारचे दीड वाजलेत. पत्रा इतका तापलाय, की आज कबूतरही आलेलं नाही. वीज गेल्यामुळे पंखा थांबलाय.

आता अशीच दोन वर्षं काढ.

म्हणजे तुला काव्या कळेल.

काव्या हत्तुरे दहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी एक मोठा ताप आला आणि जाताना तिच्या पायांतली ताकद घेऊन गेला. तिचे अप्पा टॉवेलच्या कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी ते तिला पाठीवर घेऊन अरुंद जिना उतरायचे. पण दिवाळीत त्यांच्या कमरेत उसण भरली, आणि तेव्हापासून तेही थांबलं.

मार्चमध्ये ‘हातभार’ नावाच्या संस्थेनं शिबिर घेतलं. डॉक्टरांनी काव्याचं माप घेतलं, चाकांच्या खुर्चीसाठी. शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, “खुर्ची आली की जूनपासून पाचवीत ये. वर्ग खालीच आहे.” काव्यानं त्या दिवसापासून दिनदर्शिकेवर एकेक दिवस खोडायला सुरुवात केली होती.

आज अंतिम यादी आली. फोनवर एक दुवा आला, काव्यानं तो उघडला. बारा नावं. तिनं वरून खाली वाचली, मग खालून वर.

“अव्वा, मी नाही यात.”

तिची आई, धनलक्ष्मी, टॉवेलच्या कडा शिवत होती. तिचं पायाचं मशीन थांबलं. “नीट बघ की गं.”

“चार वेळा बघितलं.”

यादीच्या तळाशी लाल अक्षरांत एक ओळ होती: दुरुस्तीची मुदत आज दुपारी चार वाजेपर्यंत. त्यानंतर यादी आपोआप बंद होईल.

काव्यानं फोनच्या कोपऱ्यात पाहिलं. बॅटरी अडतीस टक्के. वीज कधी येईल, कुणालाच ठाऊक नव्हतं.

२

संस्थेचं ऑफिस अनिलकुमार सर सांभाळत. काव्यानं त्यांनाच फोन लावला.

“सर, मी काव्या हत्तुरे. माझं नाव कुणी खोडलं?”

“कुणी खोडलं म्हणजे? असं एकदम आरोप करू नये, बाळ.”

“मग सांगा ना, नाव यादीत जातं कसं?”

सरांना समजावून सांगायला आवडत असे. ते सांगू लागले. पूर्वी कार्यकर्ते वहीत नावं लिहीत. यंदापासून ते दारोदार जाऊन फोनवरच फॉर्म भरतात: आडनाव, मुलाचं नाव, वडिलांचं नाव. फॉर्म पाठवला की तो ऑनलाइन तक्त्यात जाऊन बसतो. दुसऱ्या तक्त्यात डॉक्टरांची यादी असते. मग संगणक दोन्हींतली पूर्ण नावं जुळवून बघतो. हुबेहूब जुळलं तर नाव अंतिम यादीत येतं.

“आणि कुणी मधेच खोडलं तर?”

“तक्ता सगळं लक्षात ठेवतो. कुणी, कधी, काय बदललं, सगळं. मी आत्ताच बघितलं. एकही ओळ खोडलेली नाही. तुमच्या भागातून खुर्च्या, कुबड्या, कानाची यंत्रं, सगळ्यांचे मिळून चौसष्ट फॉर्म पाठवले, चौसष्टच्या चौसष्ट पोचले.”

“मग माझा कुठे गेला?”

“तेच कळेना. डॉक्टरांच्या कागदावरचं तुझं पूर्ण नाव टाकून शोधलं. नाही सापडलं.” सरांचा आवाज खाली आला. “तुमच्या भागातल्या कार्यकर्त्या नागव्वा, त्यांच्या वहीतलं नऊ वर्षांत एक नाव कधी चुकलं नाही. आणि ऑनलाइन झालं त्याच वर्षी हे असं. ज्याची चूक असेल, त्याचा फोन आणि काम मी काढून घेणार आहे. वर उत्तर मला द्यावं लागतं.”

“तुम्ही हातानं नाही घालू शकत माझं नाव?”

“नाही गं. जुळल्याशिवाय तो घेतच नाही.” सर जरा घुटमळले. “एक गोष्ट मात्र आहे. बाराव्या नंबरचं नाव काल दुपारी आत आलंय. ऋतुराज. आपल्या हिंदुरावांचा भाचा.”

हिंदुराव म्हणजे टेम्पोवाले. खुर्च्या त्यांच्याच ताब्यात होत्या.

३

हिंदुरावांनी व्हिडिओ कॉल उचलला तेव्हा त्यांच्या खांद्यावर ओला पंचा होता आणि मागं गोदामाची भिंत.

“मामा, ऋतुराज तुमचा भाचा ना?”

“व्हय की. का गं?”

“त्याचं नाव यादीत काल आलं. आणि माझं आज नाही.”

हिंदुरावांच्या भुवया वर गेल्या. मग ते मोठ्यानं हसले, पण त्या हसण्यात राग होता. “आरं तिच्या! म्हंजे म्या तुला उठवून भाच्याला बसवलं व्हय? डॉक्टरच्या कागदावर सही न्हवती त्याच्या, ती काल मिळाली, म्हनून काल आला त्यो. थांब, दावतोच तुला.”

त्यांनी फोन फिरवला. गोदामात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या खुर्च्या ओळीनं उभ्या होत्या.

“मोज.”

काव्यानं मोजल्या. “चौदा.”

“यादीत किती नावं?”

“बारा.”

“मग? दोन खुर्च्या हितं रिकाम्याच हायत. भाच्यासाठी तुला कशापायी काढू मी? जागेची मारामारी असंल तर माणूस लबाडी करतंय. हितं तर दोन उरल्यात. मास्तरीणबाई, जरा डोकं चालवा की!”

मामांचं बरोबर होतं. तिचं नाव गेल्यानं कुणाचाच फायदा झाला नव्हता.

“मामा, त्या दोन खुर्च्यांचं काय होणार?”

हिंदुरावांचा आवाज मऊ झाला. “चारला दुसऱ्या जिल्ह्याची गाडी येणार हाय. नाव न्हाय, त्या खुर्च्या तिकडं द्यायच्या, असा हुकूम हाय. म्या तरी काय करू? ही बग, ही बारकी निळी. मापावरनं तर तुझीच दिसतीय.”

फोनच्या काचेत ती खुर्ची दिसत होती. लहान, निळी, पुढची चाकं जरा वळलेली. काव्यानं नकळत काचेवर बोट ठेवलं, आणि कॉल कट झाला.

ती तशीच बसून राहिली. घामानं फोन हातातून निसटत होता. दोन खुर्च्या उरल्या, म्हणजे हरवलेलं मूलही एक नाही, दोन.

मग दुसरं कोण?

४

सरांना संदेश टाकला तर उत्तर लगेच आलं: अमरेश चनबसप्पा कोरे. शिबिरात माप घेतलेलं, यादीत नाही.

अमरेश तीन गल्ल्या पलीकडे राहत होता. काव्यानं त्याला कधी पाहिलेलंही नव्हतं. त्याचा फॉर्म वेगळ्या दिवशी भरलेला, घर वेगळं, आजार वेगळा. दोघांत सारखं एकच होतं: दोघांचे फॉर्म नागव्वा आजींनी भरले होते.

पण त्या भागातले चौसष्टही फॉर्म आजींनीच भरलेले. मग बाकीचे कसे बरोबर?

नागव्वा आजींनी व्हिडिओ कॉल उचलला तो फोन कपाळाला लावूनच. आधी नुसतं कुंकू दिसलं. मग हळूहळू चेहरा दिसला, आणि चेहऱ्यामागे भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी लाकडी पाटी. कधीकाळी ती दुकानावर असणार. रंग उडाला होता, तरी वाचता येत होती: चनबसप्पा शिवलिंगप्पा बगले, चादरी व घोंगड्यांचे व्यापारी. शेजारी हार घातलेला एक फोटो.

“कोन? धनलक्ष्मीची काव्या का? ऊन लई हाय गं, पानी पी. तुझे अप्पा कामावर का?”

“हो आजी. आजी, माझं नाव यादीत आलं नाही.”

आजींचा चेहरा उतरला. “असं कसं? सिद्धरामेश्वराची शपत, मी तुझा फॉर्म भरलाय. तुझ्याच दारात बसून भरलाय की. अमरेशचा बी.”

“तुम्हाला दिसतं का फोनवर?”

“कुटलं दिसतंय! मोतीबिंदू पिकलाय. मी बोलते, फोन लिहितोय. वैजयंतीनं शिकवलंय. मी आडनाव बोलले की आडनाव उमटतंय, वय बोलले की वय.” आजींना त्याचं कौतुक वाटत होतं. “आमच्या सावित्रम्माचे अप्पा गेले, तवापासून घराबाहेर पडायला दुसरं निमित्तच न्हाय बग मला. हे काम हाय म्हनून चार दारं फिरते. न्हायतर ही भिंत आन् मी.”

ज्याची चूक, त्याचं काम जाणार. सरांचं बोलणं काव्याला आठवलं, पण ती ते आजींना सांगू शकली नाही.

“आजी, माझ्या आणि अमरेशच्या फॉर्मच्या वेळी काही वेगळं झालं होतं का?”

आजींनी नजर वळवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“तुमच्या दोघांना जरा येळ लागला, एवढंच.”

“का?”

“असंच गं. बरं, दूध उतू चाललंय माझं.”

कॉल कट झाला. भर दुपारी अडीच वाजता, एकटं राहणारं माणूस, आणि दूध उतू चाललंय?

५

राहिली वैजयंतीताई. कॉलेजात शिकते, संस्थेला मदत करते, आणि तो फॉर्म तिनंच बनवलेला. ती पुण्याहून सोलापूरला रेल्वेनं निघाली होती. फोन लागला तेव्हा मागं गाडीचा खडखडाट चालू होता.

“कुर्डुवाडी यायचंय अजून. बोल पटकन, नेटवर्क जातंय सारखं.”

काव्यानं सगळं सांगितलं. ताईनं गाडीतच तक्ता उघडला.

“तुझं पूर्ण नाव टाकलं. नाही. बरं, नुसतं वडिलांचं टाकते, चनबसप्पा… शून्य!”

“शून्य? चौसष्टमध्ये एकसुद्धा नाही?”

“एकसुद्धा नाही.”

काव्या थक्क झाली. त्यांच्या गल्लीत उभं राहून चनबसप्पा अशी हाक मारली तर तीन खिडक्या उघडतात. अख्ख्या भागात त्या नावाचा एकही बाप नाही?

“ताई, वडिलांच्या नावाची जागा रिकामी राहिली असेल का?”

“नाही राहणार. त्याला लाल चांदणी दिलीय मी. तिथं काहीतरी भरल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही. थांब, आडनावानं बघते. हत्तुरे. पाच आहेत. पहिला आहे…”

खडखडाट एकदम थांबला. नेटवर्क गेलं.

काव्यानं पुन्हा लावला. लागला नाही. तीन वाजून पाच मिनिटं. बॅटरी एकोणीस टक्के. खोलीतली हवा जागच्या जागी गोठल्यासारखी झाली होती. अमरेशचं घर तीन गल्ल्यांवर, आजींचं घर दोन गल्ल्यांवर, गोदाम टेम्पोनं दहा मिनिटांवर, आणि ती इथं, आठ पावलं बाय सहा पावलांत. इतर कुणी असतं तर धावत गेलं असतं. तिला फक्त विचार करता येत होता.

तेवढ्यात जिन्याखालून हाक आली. गॅसवाला टाकी घेऊन आला होता.

“ओ ताई! पुस्तक कुणाच्या नावावर हाय?”

धनलक्ष्मी जिन्याच्या तोंडाशी गेली. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि वळून म्हणाली, “काव्या, सांग गं त्यांना.”

हे नेहमीचंच होतं. काव्या बसल्या जागेवरून ओरडली, “चनबसप्पा हत्तुरे!”

आणि ओरडता ओरडताच ती थबकली.

“अव्वा,” ती हळूच म्हणाली, “ते तू का नाही सांगितलंस?”

६

इथं जरा थांब. काव्याला जे कळलं, त्याचे सगळे धागे तुझ्याही हातात आहेत. पान उलटण्याआधी एकदा स्वतः जोडून बघ. नाही जुळले तरी हरकत नाही. काव्यालाही दीड तास लागला होता.

धनलक्ष्मी पदरानं मान पुसत आत आली. “काय का नाही सांगितलं?”

“अप्पांचं नाव.”

“नवऱ्याचं नाव कोण घेतंय गं तोंडानं?” धनलक्ष्मीला हसू आलं. “आमच्यात नाही घेत. आमची आई घेत नव्हती, मीपण घेत नाही. कावीचे अप्पा म्हटलं की कळतंय की सगळ्यांना.”

“आणि लिहायला?”

“लिहायला काय होतंय? तुझ्या शाळेच्या फॉर्मवर मीच लिहिलंय ना. तोंडानं घ्यायचं नाही, एवढंच.”

काव्या बोटं मोजत बोलू लागली, आईशी कमी, स्वतःशी जास्त.

“कुणी नाव खोडलं नाही, कारण तक्ता तसं सांगतो. कुणी चोरलं नाही, कारण दोन खुर्च्या उरल्यात. चौसष्ट फॉर्म गेले, चौसष्ट पोचले, म्हणजे माझा फॉर्म आत आहेच. फक्त त्यावर माझं पूर्ण नाव नाही. माझ्यात आणि अमरेशमध्ये सारखं काय? आमच्या दोघांच्या अप्पांचं नाव. आणि आजींच्या घरातली पाटी! अव्वा, आजींच्या मिस्टरांचं नावपण तेच आहे!”

धनलक्ष्मी खाली बसली. “अय्यो.”

“वहीत आजी लिहायच्या. नऊ वर्षं चूक झाली नाही. यंदा डोळ्यांना दिसेना म्हणून त्या फोनला बोलून सांगायला लागल्या. आणि ते नाव त्या बोलू शकत नाहीत. जागा रिकामी सोडली तर फॉर्म पुढे जात नाही. म्हणून आमच्या दोघांना वेळ लागला!”

“मग त्या काय बोलल्या असतील?”

काव्यानं आईकडे पाहिलं. “तू काय बोलतेस? कावीचे अप्पा. मग त्या काय बोलतील?”

तीन वाजून बत्तीस मिनिटांनी वैजयंतीताईचा फोन परत लागला. काव्यानं तिला एकच शब्द शोधायला सांगितला: सावित्रम्मा.

गाडी खडखडत होती. मग ताईचा आवाज आला, आणि तो आवाज हसू की रडू अशा पेचात होता.

“दोन सापडले. हत्तुरे, काव्या, वडिलांचं नाव: सावित्रम्माचे अप्पा. कोरे, अमरेश, वडिलांचं नाव: सावित्रम्माचे अप्पा. अगं काव्या!”

“आता बदल ना ताई, पटकन!”

ताई म्हणाली, “मला नाही बदलता येणार. भरलेलं उत्तर फक्त भरणाऱ्याच्याच फोनवरून बदलतं. कुणी लबाडी करू नये म्हणून मीच तसं ठेवलंय.”

म्हणजे चौसष्ट फॉर्ममधल्या त्या दोन ओळी फक्त एकाच माणसाला दुरुस्त करता येणार होत्या. ज्यांना अक्षर दिसत नाही आणि ते नाव उच्चारता येत नाही, त्या माणसाला.

तीन वाजून छत्तीस मिनिटं. बॅटरी अकरा टक्के.

७

“आजी, दूध उतरवलंत का?” काव्यानं विचारलं.

नागव्वा आजींना कळलं होतं, की हिला कळलंय.

“आजी, डॉक्टरांच्या कागदावर आमच्या अप्पांचं जे नाव आहे, तेच फॉर्मवर लागतं. अमरेशचंही तसंच.”

“मला ते घेता येत न्हाय, बाळ.” आजींचा आवाज अगदी बारीक झाला. “छप्पन वर्सं झाली. ते असताना घेतलं न्हाय, गेल्यावर कसं घेऊ? तुझ्या दारात मी तीनदा तोंड उघडलं बग. आवाजच फुटंना. मला वाटलं, समजून घेतील हापिसात. माझ्यामुळं तुझी खुर्ची गेली का गं?”

“अजून गेली नाही. आणि घ्यायचं नाहीच आहे, आजी. लिहायचंय.”

“लिहायला काय झालं? वहीत लिहीतच हुते की. पन हितं ती मुंगीएवढी अक्षरं मला दिसत न्हाईत.”

“कॉल चालू असताना फोन बोललेलं लिहीत नाही. म्हणून बोटानं लिहायचं. पाटीवर लिहितो तसं. ताईनं मला सांगितलंय.”

व्हिडिओ कॉलमध्ये एक सोय असते. समोरच्याला आपल्या फोनची काच दाखवता येते. काव्यानं आजींकडून ते बटण दाबून घेतलं. पहिल्यांदा भलतंच बटण दाबलं गेलं आणि आजी उलट्या दिसू लागल्या. दुसऱ्यांदा जमलं. आता आजींच्या फोनवर जे दिसत होतं, ते काव्याला इथं, या खोलीत बसून दिसत होतं.

“खाली पेनाचं चित्र आहे. नाही, तो कॅमेरा. त्याच्या उजवीकडे. हां!”

अक्षरांच्या कळा गेल्या आणि तिथं कोरी जागा आली. नागव्वा आजींनी बोट पदराला पुसलं आणि च काढला. मोठा, गोल, वहीतल्यासारखा. मग न. काव्या बघत होती. पहिल्या खेपेला फोननं भलतंच काहीतरी वाचलं. आजींनी खोडून पुन्हा लिहिलं, जरा सावकाश. छप्पन वर्षं जिभेवर न आलेलं नाव बोटाखालून काचेवर उतरत होतं, आणि आजींचे ओठ घट्ट मिटलेले असणार, हे काव्याला न दिसताही समजत होतं.

“पाठवा आजी.”

तीन वाजून एकोणपन्नास. एक झालं.

“आता दुसरं.”

“हे तुझं हुतं का अमरेशचं?”

“अमरेशचं आधी उघडलं गेलं. आता माझं.”

काव्याच्या फोनवर लाल रंगात पाच टक्के दिसलं. धनलक्ष्मी मशीन सोडून लेकीच्या मागं उभी होती, तोंडावर हात ठेवून. खालच्या रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला आणि दोघी दचकल्या. पण ती गोदामाकडे निघालेली गाडी नव्हती, पाण्याची होती.

च. न. ब.

तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी काव्यानं यादी पुन्हा उघडली. तेराव्या नंबरवर अमरेश चनबसप्पा कोरे. चौदावा नंबर रिकामा.

तिनं यादी बंद केली, परत उघडली.

काव्या चनबसप्पा हत्तुरे.

आणि फोन बंद पडला.

८

साडेपाचला वीज आली. फोन सुरू झाला, तसा सरांचा कॉल. वैजयंतीताई आधीच त्या कॉलवर होती.

“नाव आलं, फार छान,” सर म्हणाले. “खुर्च्या थांबवल्यात. आता मला सांग, चूक कुणाची होती?”

“प्रश्नाची,” काव्या म्हणाली.

“म्हणजे?”

काव्यानं सगळं सांगितलं. सर ऐकत होते, पण त्यांचं समाधान झालं नाही. “हे काय कारण झालं? या काळात कोण असं करतं?”

“सर,” वैजयंतीताईनं विचारलं, “वहिनी तुम्हाला घरी काय हाक मारतात?”



“अहो,” सर शेवटी म्हणाले. मग घसा खाकरला. “म्हणजे… ऐकलं का, असं.”

ताई खुदकन हसली. काव्या हसली नाही. ती वाट बघत होती.

“बरं, बरं. नागव्वांचा फोन त्यांच्याकडेच राहील. वैजयंती, त्या फॉर्मवर बोटानं लिहायची किंवा कागदाचा फोटो जोडायची सोय कर. आणि काव्या, तुला काही हवंय का? मागून घे.”

मला वाटतं, तुझ्या-माझ्यासारख्यानं सायकल, पुस्तक, निदान आइस्क्रीम तरी मागितलं असतं.

“मला सगळ्या जिल्ह्याचा तक्ता बघायला द्या,” काव्या म्हणाली.

एकोणीसशे नावं होती त्यात. कुणाला खुर्ची हवी होती, कुणाला कानाचं यंत्र, कुणाला कुबड्या. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काव्यानं वडिलांच्या नावाच्या रकान्यात एकेक शब्द टाकून शोधलं. मालक. कारभारी. धनी. घरातले. अमक्याचे बाबा, तमक्याचे आबा. तेवीस मुलं सापडली. तेवीसही फॉर्म पोचलेले, आणि तेवीसही कुठल्याच अंतिम यादीत नसलेली. तेवीस खोल्या, आणि प्रत्येकीला कसली ना कसली खिडकी.

गुरुवारी साडेदहाला गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला.

“ए मास्तरीणबाई!” हिंदुराव खालून ओरडले. “निळी गाडी आली तुझी! पाठीवर घिऊन खाली न्हेऊ, का खुर्चीच आनू वर?”

“आले मामा, थांबा जरा!” काव्यानं ओरडून सांगितलं. तिच्या मांडीवर वही होती, पुढच्या यादीसाठी बरोबर नावं विचारायला वहीत तेवीस फोन नंबर, आणि त्यातल्या तीन नंबरांपुढं बरोबरची खूण.

“अगं, थांबा काय? चल की!” धनलक्ष्मी म्हणाली.

पण तोवर वैराग गावचा नंबर लागला होता. पलीकडे कुणीतरी बाई हॅलो म्हणाली, आणि काव्यानं वहीवर पेन टेकवलं.

“गोजाबाई बोलताय का? मी सोलापूरहून काव्या हत्तुरे. तुमच्या मुलीच्या फॉर्मबद्दल विचारायचंय. नाही, तुम्ही बोलू नका. मुलीलाच द्या ना फोन. तिलाच विचारते तिच्या वडिलांचं नाव.”